कुसळी आणि बिनकाट्यांची बाभूळ

बाभळीला काटे नसतात असं मला लहानपणी कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. आमच्या मराठवाड्यात बाभूळ म्हणजे आधी काटा, मग सावली. बिनकाट्यांची बाभूळ मी पहिल्यांदा पाहिली ती सिंगापूरच्या प्रयोगशाळेत, तीही फोटोत. ऑस्ट्रेलियातलं कमरेएवढं झुडूप, बाभळीच्याच कुळातलं. तिकडे त्याला वॉटल म्हणतात. फुलं तशीच, पिवळ्या गोंड्यांची. पानांच्या जागी चपटे देठ. अंगावर काटा नावाला नाही. एका टेकडीचा उतार आणि तिच्या पायथ्याची रस्त्याची कड, एवढ्याच जागेत ते आता उरलं होतं. बाकी सगळीकडे गव्हाची शेतं झाली होती.

त्याच टेकडीवर दुसरी एक वनस्पती मजेत वाढत होती: कुसळी. तिची ओळख मला कुणी करून द्यायला नको होती. माळावरून शाळेत जाताना परकराच्या काठाला जी टोचून बसायची आणि वर्गात बसल्यावर मांडीला कळायची, तीच ही. महाराष्ट्रात आहे, आफ्रिकेत आहे, ऑस्ट्रेलियात आहे. हिचं कुसळ पावसात ओलं झालं की पीळ सोडतं, सुकलं की पुन्हा घालतं, आणि असं स्क्रूसारखं फिरत बी जमिनीत घुसवतं. जगभर पसरायला आणखी काय लागतं?

आमच्या प्रकल्पाचा प्रश्न साधा होता. एकाच टेकडीवर एक झुडूप संपत चाललंय आणि एक गवत मात्र माजलंय, असं का? दोघांचं बी सारख्याच परिस्थितीत पेरायचं, सारखाच उकाडा द्यायचा, सारखंच पाणी तोडायचं, आणि कोण किती तग धरतं ते पाहायचं. पैसे एका ट्रस्टचे होते. त्यांचं ऑफिस शहराच्या मध्यभागी, तांजोंग पगारला. आमचा निकाल पाहून ते ठरवणार होते की त्या टेकडीवर झुडपाची पुन्हा लागवड करायला मदत द्यायची, की ते जातच आहे तर जाऊ द्यायचं.

बी पाठवलं होतं ऑस्ट्रेलियातल्या एका बाईंनी. शाळेतल्या नोकरीतून निवृत्त झालेल्या, टेकडीजवळच राहणाऱ्या. त्यांनी ते बऱ्याच वर्षांपूर्वी, एका चांगल्या हंगामात हाताने गोळा केलं होतं. त्यानंतर झुडपांनी शेंगा धरणंच सोडलं होतं. फुलं यायची आणि गळून जायची. पहिल्याच मीटिंगमध्ये त्यांनी स्क्रीनवरून सांगितलं, हे बी गेलं तर माझ्याकडे दुसरं नाही आणि माझ्या माहितीत कुणाकडेच नाही. उगवलेली रोपं परत पाठवायची, या बोलीवर त्यांनी सगळं पाकीट दिलं. परदेशी बी म्हणून ते ठरावीक मुदतीच्या सरकारी परवान्यावर आलं. काळं, चकचकीत, तिळाहून थोडं मोठं बी. ते मी हातात घेतलं तेव्हा मला खरोखर भीती वाटली. दुसऱ्याचं तान्हं मूल घेताना वाटते तशी.

प्रकल्पाचे प्रमुख आमचे सर. पुण्याचे, माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे, भातावर मोठं काम केलेले. ते वाईट माणूस नव्हते, हे मला आधीच सांगून टाकलं पाहिजे, नाहीतर माझं बोलणं एकतर्फी वाटेल. इथे नोकरी करायला लागणारा माझा पास त्यांनी खटपट करून मिळवून दिला. मी आले त्या दिवशी विमानतळावर स्वतः आले. नवरा बोटीवर इंजिनिअर, वर्षातले कित्येक महिने समुद्रावर. त्यामुळे मी आणि मुलगी पुंगोलच्या फ्लॅटमध्ये दोघीच असायचो, आणि सरांच्या घरून दिवाळीला चकल्यांचा डबा न चुकता यायचा. गणपतीला त्यांच्या बुकित बातोकच्या कॉन्डोत सगळी मराठी मंडळी जमायची, तिथेही आम्हाला बोलावणं असायचं.

त्या पहिल्याच गणपतीत एका काकूंनी माझं गाव विचारलं, मग आडनाव विचारलं, मग नवऱ्याचं आडनाव विचारलं, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर ते आलं जे मला शाळेपासून ओळखता येतं. "अच्छा अच्छा," म्हणाल्या आणि मोदकाची बशी पुढे केली. सर शेजारीच होते. मला बरं वाटावं म्हणून ते मोठ्याने म्हणाले, आमच्या लॅबमध्ये असलं काही नाही हं, आमच्याकडे फक्त काम बघतात, सगळ्यांना एकच नियम. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी मोदक खाल्ला. चांगला झाला होता.

एकच नियम. हे शब्द मी इतक्यांदा ऐकले आहेत की त्यांचा वास येतो. कॉलेजला प्रवेश मिळाला तेव्हा वर्गातल्या मुलींनी ऐकवले होते: परीक्षा सगळ्यांना एकच, मग यादी वेगळी का? त्यातल्या एकीला घरी तीन विषयांचे सर शिकवायला यायचे. तिला ते मदत वाटत नव्हतं. तिला ते आयुष्य वाटत होतं.

प्रयोगाची आखणी वाचली तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की काहीतरी वाक्य राहून गेलं असेल. दोन्ही जातींच्या बियांवर पेरणीआधी कोणतीही प्रक्रिया करायची नाही, असं लिहिलं होतं. आता बाभळीच्या कुळातल्या बीचं कवच दगडासारखं असतं, हे माझ्या गावात शेळ्या राखणाऱ्यालाही माहीत आहे. आत पाणीच शिरत नाही. तिकडच्या रानात वणवा येतो, कवच तडकतं, मग पुढच्या पावसात बी उगवतं. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, ते या बीच्या बाबतीत अक्षरशः खरं आहे. वणवा नसेल तर उकळतं पाणी ओतायचं किंवा टोकाला बारीकसा छेद द्यायचा. यात शोध कसलाही नाही. रोपवाटिकेतले लोक रोज करतात.

मी सरांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, तुझं बरोबर आहे, पण आपण तुलना करतोय. एकाला प्रक्रिया दिली आणि दुसऱ्याला नाही, तर तुलना राहिली कुठे? शिवाय निसर्गात कुणी किटली घेऊन येत नाही. मी म्हटलं, वणवा येतो. ते म्हणाले, वणवा हा वेगळा प्रयोग. आणि इतकं मोजकं बी, त्यावर उकळतं पाणी ओतून मेलं तर त्या बाईंना काय सांगशील?

शेवटचं खोडून काढता येण्यासारखं नव्हतं, म्हणून मी कामाला लागले. आठवडाभर कुसळीचं बी तयार करत होते. बी बशीत सपाट बसावं म्हणून प्रत्येकाचं कुसळ चिमट्याने काढून टाकायचं, अंगावरची लव घासायची. मान दुखून आली. गवताचं बी पाठवणाऱ्या कंपनीच्या पाकिटावर लिहिलं होतं की उगवण चांगली यावी म्हणून हे वर्षभर उबदार जागी मुरवून ठेवलंय. ताजं कुसळीचं बीसुद्धा लगेच उगवत नाही, झोपलेलं असतं. ते वाचलं आणि माझं डोकं फिरलं.

पाकीट घेऊनच मी सरांच्या खोलीत गेले.

"सर, गवताला प्रक्रिया झालेली आहे. वर्षभर झालेली आहे. आणि गेला आठवडाभर मीही तेच करतेय."

"ती साफसफाई आहे गं. आणि मुरवणं त्यांच्याकडे झालंय, आपल्याकडे नाही."

"म्हणजे आपल्या दारात येण्याआधी मिळालेली मदत मोजायची नाही, आणि दारात मागितलेली मात्र अन्याय?"

ते हसले. चिडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, तू फार मनाला लावून घेतेस, विज्ञानात असं चालत नाही. वर आखणी मंजूर होऊन गेलीय, आता बदलली तर ट्रस्टला पुन्हा सगळं समजावून सांगावं लागेल. पालथ्या घड्यावर पाणी. मी जागेवर येऊन बसले आणि हातातलं पाकीट चुरगळून टाकलं. मग पुन्हा सपाट करून फाइलला लावलं, कारण मला नोंदी नीट ठेवायची सवय आहे.

बी पेरलं. कुसळी चौथ्या-पाचव्या दिवशी उठली. हिरव्या सुया बशीभर उभ्या. झुडपाचं बी जसं ठेवलं तसंच राहिलं, काळं, चकचकीत, ओल्या कागदावर कोरडं. सर रोज येऊन बघायचे आणि मान हलवायचे. त्यांना वाईट वाटत होतं, हेही खरं. मुदत संपली तेव्हा गवताच्या रकान्यात भरघोस आकडा होता आणि झुडपाच्या रकान्यात शून्य. न उगवलेलं सगळं बी मृत धरायचं, असं आखणीत लिहिलं होतं. तसं ते धरलं गेलं. अहवालाच्या मसुद्यात सरांनी वाक्य घातलं की या जातीची उगवणक्षमता मुळातच क्षीण दिसते.

मुळातच. या एका शब्दाने माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कुणाला काय मिळालं नाही ते पाहायचं नाही आणि मग म्हणायचं, मुळातच कमी आहे. मी हा शब्द माझ्याबद्दल ऐकला आहे, माझ्या वडिलांबद्दल ऐकला आहे. बीबद्दलही ऐकावा लागेल असं वाटलं नव्हतं.

सर पुतण्याच्या लग्नाला पुण्याला गेले होते. प्रयोग कागदोपत्री संपला होता, 'मृत' बी बशांमध्ये तसंच होतं. त्यातल्या काही बिया मी उचलल्या, लॅबच्या किटलीत पाणी उकळलं, क्षणभर थांबून ते बियांवर ओतलं आणि गार होईपर्यंत ठेवलं. चोरून नाही, टेक्निशियनला सांगून, ट्रेवर माझ्या नावाची चिठ्ठी लावून. दुसऱ्या दिवशी बिया टम्म फुगल्या होत्या. चार दिवसांत पहिलं पांढरं मूळ बाहेर आलं, आणि मग एकापाठोपाठ एक. जवळजवळ सगळ्या. इतकी वर्षं पाकिटात पडून, महिनाभर मेलेल्या म्हणून गणल्या जाऊन, त्या आत जिवंत होत्या. हातच्या काकणाला आरसा कशाला? मी खुर्चीत बसले आणि रडले. आनंदाने रडले, हे आज सांगायला लाज वाटते.

फोटो काढून सरांना पाठवला. खाली लिहिलं, बाकीचं बीही जिवंत असणार, प्लीज जपून ठेवू या. त्यांचा अंगठा आला आणि मागोमाग ओळ: छान, आल्यावर बोलू.

नेमकी त्याच संध्याकाळी मुलीच्या शाळेतून फोन आला. तिच्या हातापायांवर पुरळ आलं होतं. एचएफएमडी, म्हणजे हातापायांवर आणि तोंडात फोड आणणारी मुलांमधली साथ. या देशात लहान मूल असलेल्या घराला हा पाहुणा चुकत नाही. आठवडाभर शाळा बंद आणि आई घरी. मी घरी बसले. तोंडात फोड आल्यामुळे तिला फक्त गार दही चालायचं. पलंगावर पडल्या पडल्या ती माझ्या फोनमधले फोटो बघत होती. झुडपाची रोपं पाहून तिने हे काय म्हणून विचारलं. मी सांगितलं की हे बी मेलंय असं सगळ्यांना वाटत होतं.

"मम्मा, दॅट वन नॉट डेड, लाह," ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. "यू टेल देम."

सांगणारच आहे, मी म्हटलं.

ट्रस्टपुढची मीटिंग पुढच्या सोमवारी होती. मी मुलीला शेजारच्या आजींकडे ठेवून थेट तांजोंग पगारला गेले, लॅबला जायला वेळच नव्हता. काचेची खोली, लांब टेबल, भिंतीवरच्या पडद्यात त्या ऑस्ट्रेलियातल्या बाई. सरांनी आलेख दाखवला. गवताचा खांब उंच, झुडपाच्या जागी नुसती रेघ. मुळातच क्षीण, असं ते इंग्रजीत म्हणाले. ट्रस्टच्या माणसाने पेनाचं टोपण लावलं.

मग मी बोलले. सगळं बोलले. कवच, वणवा, वर्षभर मुरवलेलं गवत, उकळतं पाणी. फोटो दाखवला. बाई पडद्याच्या इतक्या जवळ आल्या की त्यांचा फक्त चष्माच दिसायला लागला.

सरांनी मला मध्येच तोडलं नाही. ते तसं कधी करत नाहीत. माझं झाल्यावर म्हणाले, हे निरीक्षण फार रंजक आहे, पण आखणीबाहेरचं आहे, त्यामुळे या अहवालात घेता येणार नाही. पुढच्या एखाद्या अभ्यासात जरूर पाहता येईल.

बाईंनी माझ्याकडे बघून विचारलं, "म्हणजे बाकीचं बीही जिवंत आहे? ते मला परत पाठवाल?"

मी हो म्हणणार होते. माझं तोंड उघडलंही होतं.

"परवान्याची मुदत संपत होती," सर म्हणाले. "परदेशी बी नियमाप्रमाणे शुक्रवारी नष्ट केलं."

बाई खुर्चीत मागे सरकल्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावलाच नाही. ट्रस्टच्या माणसाने सगळ्यांचे आभार मानले. वरातीमागून घोडं नेण्यात अर्थ नव्हता. मी फोन खाली ठेवला.

लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. मी विचारलं, फोटो पाहिल्यानंतर? ते म्हणाले, विल्हेवाटीची तारीख आधीच ठरली होती. मी म्हटलं, माझा ट्रे अजून आहे, ती रोपं तरी पाठवू या, बोलीच होती तशी. त्यासाठी सरांना परवान्याच्या कार्यालयाला कळवावं लागलं असतं की एकही बी उगवलं नाही हे बी नष्ट करताना दिलेलं निवेदन चुकीचं आहे, बी जिवंत होतं. तेवढी एक सही केली की अहवाल आपोआप पडत होता. त्यांना ते माझ्याआधी कळलं.

"निवेदन गेलंय," ते म्हणाले. "तुला राग आलाय, ते मी समजू शकतो. पण आपण पक्षपात केलेला नाही गं. गवताचंही उरलेलं बी त्याच दिवशी, त्याच मशीनमध्ये टाकलं. दोघांना सारखं."

ते मनापासून बोलत होते. माझी समजूत काढत होते. मला त्यांच्या तोंडावर मारावंसं वाटलं, इतकं स्पष्ट मला आयुष्यात क्वचित काही वाटलं असेल. लिफ्ट तळाला आली, त्यांनी मला आधी बाहेर जाऊ दिलं.

मी परवान्याच्या कार्यालयाला फोन केला. तिथली बाई फार नीट बोलली. प्रकल्पप्रमुखाच्या सहीशिवाय काही करता येणार नाही म्हणाली. बाईंनी ऑस्ट्रेलियातून सरांना विनवलं. सरांनी त्यांना सविस्तर, सभ्य उत्तर पाठवलं. अहवालावरून मी माझं नाव काढायला सांगितलं. सरांनी एकदा खात्री करून घेतली आणि काढलं. ट्रस्टने मदत दुसऱ्या एका जातीला दिली, जिची उगवण चांगली आहे.

शेवटी माझा ट्रे उरला, आणि त्याला परवाना नव्हता. टेक्निशियन म्हणाला, मी टाकतो, तुम्ही बाहेर थांबा. भला माणूस. पण मी नको म्हटलं. परक्याच्या हातून नको होतं.

रोपांना तोवर खरी पानं फुटली होती, बारीक, जोडीजोडीची, अगदी आमच्या बाभळीसारखी. चपटे देठ पुढे मोठेपणी येतात. मी ती मातीसकट पिशवीत घातली, पिशवी त्या वाफेच्या मोठ्या कुकरमध्ये ठेवली आणि दार लावलं. मशीनशेजारच्या वहीत काय टाकलं ते लिहावं लागतं. 'मृत बी' असा शिक्का तयार असतो. टेक्निशियनने तो माझ्यापुढे सरकवला. मी शिक्का बाजूला ठेवला आणि पेनाने लिहिलं: जिवंत रोपं. आणि खाली सही केली, माझ्या पूर्ण नावाने, आडनावासकट.